पाच सुतांचं भांडण

"दाजी, गाडी खाली बसवली!"

लातूरहून मेहुण्याचा फोन. आपल्याकडे काहीही खाली बसलं की ती बातमी सहसा चांगली नसते. बोअरचं पाणी खाली बसतं, सोयाबीनचा भाव खाली बसतो, निवडणुकीत पडलेला उमेदवार खाली बसतो (हा मात्र फार वेळ बसत नाही). मी घाबरून विचारलं, "कुठं धडकलास? लागलं का कुणाला?"

"धडकतोय कशाला? मुद्दाम बसवली. पुढून तीन इंच. मागचे दोन-दोन पाटे काढले. काय दिसायलीय म्हणून सांगू दाजी, रस्त्याला चिकटल्यावानी!"

मी नांदेडचा आणि सासर लातूरचं. त्यामुळे मेहुण्याला मूर्ख म्हणायची मला थेट परवानगी नाही. तो प्रस्ताव आधी घरातून मंजूर करून घ्यावा लागतो. मी "वा, वा" म्हणून फोन ठेवला.

पण मनातून पाट्यांचं दुःख जाईना. पाटे म्हणजे मागच्या चाकांवर भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या. आमच्या भागात माणूस नवी पिकअप घेतली की शोरूममधून देवळात जातो आणि देवळातून थेट पाटे वाढवायला. गाडी किती वजन पेलेल हे कंपनीनं कागदावर लिहिलेलं असतं, पण तो कंपनीचा खासगी विचार झाला. ऊस, सोयाबीनची पोती, वऱ्हाड आणि शेवटी डीजे, एवढं सगळं ज्या गाडीनं वाहायचं तिचे पाटे काढणं म्हणजे पंगतीत बसून "वाढू नका" म्हणण्यासारखं. माणसं वळून बघणारच.

मागच्या पाट्यांचं असं झालं. पुढचं प्रकरण आणखी नाजूक होतं. मेहुण्याच्या या जुन्या पिकअपला पुढे पाटे नाहीत. तिथे दोन्ही बाजूंना एकेक लांब लोखंडी सळई आहे. सळईचं एक टोक चॅसीत अडकवलेलं, दुसरं चाकाच्या आर्मला. चाक वर-खाली झालं की सळई पिळते आणि पीळ पुन्हा सुटताना चाकाला जागेवर आणते. मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की पीळ वाढतो, गाडी उठते. ढिला केला की पीळ उतरतो, गाडी बसते. खर्च शून्य, हत्यार एक पाना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशी ज्या घराण्याची ख्याती, त्यातल्या मुलानं एका दुपारी दोन बोल्ट फिरवून गाडीचा सगळा पीळ घालवला होता.

मी त्याला कायदाही सांगून पाहिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं आहे. मेहुणा म्हणाला, "दाजी, कायदा खिडकीतनं बघत असतो. आपली गाडी खिडकीच्या खालनं जाती."

पुढच्याच आठवड्यात सासूबाईंनी पाठवलेली तूरडाळीची चार पोती घेऊन एमएच २४ ची ती गाडी एमएच २६ च्या हद्दीत, म्हणजे आमच्या दारात येऊन टेकली. टेकली हा शब्द मी मोजून वापरतो आहे. लातूर ते नांदेड अंतर साधारण १४० किलोमीटर. चाकूर, अहमदपूर, माळेगाव, लोहा करत माणूस आरामात तीन तासांत येतो. मेहुणा साडेपाच तासांनी आला, आणि दंड असे चोळत उतरला की जणू गाडी चालवत नव्हे, ढकलत आणली असावी.

"स्टेअरिंग जरा भांडतंय," तो म्हणाला. "सोडलं की उजवीकडं पळतंय. पण त्याचा एक फायदा हाय. आपल्या गंजगोलाईत हात लावावा लागत नाही. गाडी आपोआप वळती."

लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातली सोय कळेल. बाजाराच्या मधोमध गोल इमारत आणि तिला चारी बाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. गोल उजव्या हाताला ठेवून चकरा मारायच्या. सतत उजवीकडे ओढणाऱ्या गाडीला याहून चांगली कर्मभूमी भूतलावर नाही. अडचण एवढीच की गंजगोलाईतून कधीतरी बाहेरही पडावं लागतं.

वेळ गतिरोधकांनीही खाल्ला होता. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. म्हणजे पालथ्या परातीसारखा, लांबट उताराचा. आमच्या वाड्या-वस्त्यांवरचे गतिरोधक नियमाने होत नाहीत, ते रागाने होतात. कुणाची तरी शेळी गाडीखाली येते आणि त्या रात्री रस्त्यावर शेळीच्या उंचीचा गतिरोधक उगवतो. खाली बसलेली गाडी त्यावरून सरळ जात नाही. तिला तिरकी घालावी लागते, आधी एक चाक, मग दुसरं, नव्या नवरीनं माप ओलांडावं तसं. त्यातून जमीन काळी. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा रस्ता कितीही नवा असला तरी तो मनातून लाटच असतो.

"चाकं जरा बघून घ्या दाजी," म्हणून मेहुणा संध्याकाळच्या एसटीनं परत गेला. गाडी माझ्याकडे. तूरडाळ स्वयंपाकघरात.

सकाळी मी गाडीसमोर उभा राहिलो आणि मला माझे आजोबा आठवले. आजोबांचा जन्म बैलांची पारख करण्यात गेला. नांदेड जिल्ह्याच्या कंधारचा लाल कंधारी आणि लातूर जिल्ह्याच्या देवणीचा देवणी, हे दोन्ही बैल देशभर नावाजलेले. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात नाहीतर माळेगावच्या जत्रेत आजोबा बैलाचे दात सगळ्यात शेवटी बघत. आधी त्याला ओल्या मातीतून चालवायचे आणि मागून माग बघायचे. पुढच्या खुराच्या ठशावर मागचं खूर पडतंय का, पाय बाहेर फेकतो का, गुडघे घासतात का. "दात खोटं बोलतील, माग बोलत नाही," हे त्यांचं वाक्य. ही गाडी आजोबांनी पाहिली असती तर दोनच शब्द बोलले असते: "फेंगडी हाय." पुढची दोन्ही चाकं वरून आत झुकलेली, खालून बाहेर फाकलेली. पोट बिघडलेला माणूस कुणाला कळू न देता उभा राहतो, तशी ती उभी होती.

मी आधी गावातल्या एका झकपक अलाइनमेंट सेंटरवर गेलो. चाकांना पंखे लावल्यासारख्या पाट्या बसवल्या, समोरच्या पडद्यावर चाकांची चित्रं आली आणि सगळे आकडे लाल झाले. तिथला मुलगा पडद्याकडे बघत राहिला. जावयाची पत्रिका पाहताना भटजी जसे घसा खाकरतात तसा खाकरला आणि म्हणाला, "टो टाकून देतो. कॅम्बर राहू द्या, ते होत नाही." (टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं कुठे वळली आहेत ते, कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक किती कललं आहे ते.) अर्ध्या तासात पडद्यावरचे दोन आकडे हिरवे झाले, बाकीचे लालच. छापील कागद मिळाला. गाडी पूर्वीसारखीच उजवीकडे पळाली, फक्त आता तिच्याकडे प्रमाणपत्र होतं.

मग शेजाऱ्यानं देगलूर नाक्याकडच्या एका उस्तादांचं नाव सांगितलं. टिनाचं शेड, खाली काळं तेल प्यालेली जमीन आणि खिळ्याला टांगलेला गवंड्याचा ओळंबा. उस्तादांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"साहेब, गाडी बैठी नै," ते म्हणाले, "फतकल मारी है."

"अलाइनमेंट करायचं होतं."

"हौ, करू ना. पर पहिले खडखड, मग सरळपणा." मग जॅक लावून त्यांनी चाक वर आणि खाली धरून हलवलं. टक. बाजूंनी धरून हलवलं. टक-टक. पहिला आवाज बॉल जॉइंटचा, दुसरा चाकं वळवणाऱ्या टाय रॉडच्या टोकाचा. "जिसके जोड ढिल्ले, उसको सीधा करके फायदा क्या?" हे वाक्य मी नंतर दोन-तीन सभांमध्ये वापरलं, उस्तादांचं नाव न सांगता, कारण विद्वत्तेची परंपराच तशी आहे. स्टेअरिंगचंच उदाहरण घ्या. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे, ही युक्ती जगभर आकरमानच्या नावानं ओळखली जाते. ती शोधली म्यूनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्यानं. रुडॉल्फ आकरमान हा त्याचा इंग्लंडमधला एजंट. १८१८ साली पेटंट त्यानं घेतलं, नाव त्याचं झालं. काम मिस्त्रीचं आणि फलक एजंटाचा, हे सरकारी योजनेतच होतं असं नाही.

नवे जोड बसले, चारी टायरांत हवा सारखी झाली. मग ओळंबा खिळ्यावरून उतरला. उस्तादांनी तो मडगार्डवरून चाकाच्या बाहेर असा सोडला की दोरी स्थिर लोंबली. मग दोरीपासून रिमच्या वरच्या काठाचं अंतर मोजलं आणि खालच्या काठाचं मोजलं. डावीकडे फरक सहा सूत. उजवीकडे चार.

सूत म्हणजे काय हे शहरी वाचकाला सांगायला हवं. सुतार-गवंड्यांच्या जगात एका इंचाचे आठ सूत. म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. मिलिमीटर परके वाटतात, सूत घरचं. १५ इंची रिमला वर-खाली दोन सुतांचा फरक पडला तर चाक सुमारे एक अंश कललं असं समजायचं. आमचं डावं चाक तीन अंश आत झुकलेलं आणि उजवं दोन अंश. म्हणजे मेहुण्यानं डावा बोल्ट जास्त मनापासून फिरवला होता. गाडी ज्या बाजूचं चाक त्यातल्या त्यात उभं असतं त्या बाजूला पळते. उजवीकडे का ओढत होती याचं कोडं सुटलं. त्यात राजकारण नव्हतं.

आता टोचं मोजमाप. उस्तादांनी पुढची दोन्ही चाकं उचलली, एकेक चाक हातानं गरगर फिरवत टायरच्या मधोमध खडू टेकवला, की चाकाभोवती पांढरा पट्टा. मग त्या पट्ट्यावर खिळ्याचं टोक धरून पुन्हा फिरवलं, की पट्ट्यात केसाएवढी रेघ. गाडी खाली उतरवून दोन हात पुढे ढकलली, कारण जॅकवरून उतरलेली गाडी लगेच खरी बोलत नाही, तिला जरा चालू द्यावं लागतं. मग टेपचं एक टोक माझ्या हातात. चाकांच्या पुढच्या बाजूला रेघ ते रेघ, आणि मागच्या बाजूला रेघ ते रेघ, दोन्ही आसाच्या उंचीवर. पुढचं अंतर पाच सूत जास्त आलं! चाकांची तोंडं एकमेकांपासून फिरलेली. छापील कागदावर हेच हिरवं होतं. पण जुन्या ढिल्या जोडांवर टाकलेला टो आणि पुढाऱ्याचं आश्वासन दुसऱ्या चौकापर्यंत टिकत नाही.

"पाच सूत! त्यानं काय होतं?" मी विचारलं.

उस्तादांनी माझा हात धरून टायरवर आतून फिरवला. बाहेरून टायर नवाकोरा. आतली कड गुळगुळीत, पुढे तार लागली. मी घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. टायरची उंची २६ इंच, म्हणजे २०८ सूत. एका सुताचा फरक म्हणजे २०८ पावलं पुढे गेलं की दोन्ही चाकं मिळून एक पाऊल आडवी घासतात. पाच सूत म्हणजे २०८ ला पाच. लातूर-नांदेड १४० किलोमीटर धरले तर माझी सासुरवाडीची तूरडाळ येताना जवळपास साडेतीन किलोमीटर आडवी आली. मेहुण्याचे दंड उगाच दुखत नव्हते.

आणि त्या कागदाकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं की हा हिशेब मी आधी कुठेतरी पाहिला आहे. नांदेड आणि लातूर ही मराठवाड्याच्या गाडीची पुढची दोन चाकं. दोन्ही दणकट. राज्याला लातूरनं शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख हे दोन मुख्यमंत्री दिले. नांदेडनंही शंकरराव आणि अशोकराव चव्हाण हे दोन दिले. हिशेब एका सुतानंही चुकलेला नाही. गंमत म्हणजे १९८६ मध्ये निलंगेकरांनंतर शंकरराव आले आणि २००८ मध्ये विलासरावांनंतर अशोकराव. दोन्ही वेळा राज्याचं स्टेअरिंग लातूरच्या हातून सुटलं ते थेट नांदेडच्या हातात. मग २००९ मध्ये नव्या महसूल विभागाचं आयुक्तालय नांदेडला करायचं ठरलं आणि लातूर रस्त्यावर उतरलं. नांदेड म्हणालं इकडे, लातूर म्हणालं तिकडे. गाडी मात्र हलली नाही. दोन्ही जिल्ह्यांचा कारभार आजही छत्रपती संभाजीनगरच्या गॅरेजातून चालतो. आमच्या घरात हा विषय जेवणाच्या ताटावर काढायचा नाही असा ठराव १५ वर्षांपूर्वी एकमतानं मंजूर झाला. एकमत म्हणजे बायकोचं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती सुरू झाली. मला वाटलं होतं उस्ताद थेट टाय रॉडला हात घालतील. त्यांनी पहिल्यांदा सळईचे बोल्ट आवळायला घेतले.

"पहिले उंची," ते म्हणाले. "उंची चुकली तर बाकी सगळं चुकतं. तीन इंच नक्को. एक इंच तुमच्या मेहुण्याचा, दोन इंच रस्त्याचे."

पीळ परत आला. बोल्टागणिक गाडी अशी उठली की जणू कुणी तिला "उठ माय, चहा झाला" म्हणून हात दिला. डावी-उजवी उंची टेपनं सारखी झाली. मागेही एकेक पाटा परत गेला. पुढचं जास्त बसवल्यानं आणखी एक बिघाड झाला होता, तो उस्तादांनी सायकल दाखवून समजावला. सायकलचा पुढचा चिमटा उभा सरळ नसतो, किंचित मागे रेललेला असतो. म्हणून पोरं हात सोडून सायकल चालवू शकतात, चाक आपसूक सरळ येतं. मोटारीत हाच रेललेपणा म्हणजे कॅस्टर. गाडी नाकावर झुकली की तो कमी होतो आणि मग वळणानंतर स्टेअरिंग परत यायचं विसरतं.

उंची आल्यावर चाकांचं झुकणं अर्ध्याहून कमी झालं होतं. उरलेलं वरच्या आर्मच्या बैठकीतल्या पातळ पत्र्यांच्या शिम कमी-जास्त करून काढलं. एक शिम काढायची, गाडी ढकलायची, ओळंबा सोडायचा. पुन्हा. पुन्हा. दुपारी मी डबा खाल्ला, तो सासुरवाडीच्याच तुरीच्या वरणाचा होता. शेवटी टाय रॉड. आधी स्टेअरिंग बरोबर मधोमध बांधलं, मग दोन्हीकडचे रॉड सारखेच फिरवले, नाहीतर चाकं सरळ आणि स्टेअरिंग वाकडं असा नवाच प्रकार होतो. टेपचं टोक पुन्हा माझ्या हातात. आता पुढचं अंतर मागच्यापेक्षा एक सूत कमी आलं.

"अजून एक सूत राहिलं की!" मी म्हणालो. "बरोबर शून्य करा ना."

उस्तादांनी हात पुसले. "साहेब, गाडी धावली ना, रस्ता चाकांना बाहेर ढकलतो. म्हणून उभी असताना थोडं एकमेकांकडे तोंड पाहिजे. मग पळताना सरळ होतात. उभ्या-उभ्याच सरळ ठेवली तर पळताना भांडतात."

पैसे देताना मी त्यांना विचारलं, आयुक्तालय कुठे व्हावं. ते म्हणाले, "अहमदपूरला. दोघांना तेवढंच घासत यायला लागतंय."

रविवारी मेहुणा गाडी न्यायला आला. तिच्याकडे बघून त्याचा चेहरा पडला. "दाजी, ही तर उठून बसली!" मी त्याला एक इंच आणि दोन इंचांचा हिशेब सांगितला. बायको म्हणाली, "मीपण येते, आईला भेटून होईल." मग तिघं पुढे बसलो. लोह्यापुढच्या सरळ रस्त्यावर मी मेहुण्याला म्हणालो, "सोड जरा स्टेअरिंग." त्यानं सोडलं. गाडी सरळ गेली. माळेगावच्या खंडोबाला हात जोडायला त्यानं पुन्हा सोडलं. गाडी सरळच.

लातुरात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. मेहुण्यानं सवयीनं गाडी गंजगोलाईकडे घातली, सवयीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि गाडी सरळ समोरच्या केळीच्या गाड्याकडे निघाली. बायको ओरडली, केळीवाला ओरडला, मेहुण्यानं ब्रेक दाबला. एक डझन केळी घ्यावी लागली.

"दाजी," एक केळ सोलत तो वैतागून म्हणाला, "आता ही वळवावी लागतीय."

मागून हॉर्न सुरू झाले. समोर सोळा रस्ते होते, आणि आता त्यातला कोणता घ्यायचा ते त्यालाच ठरवायचं होतं.